गिरगाव अधिक आठ बरोबर परळ

गिरगावातल्या एखाद्या जुन्या चाळीच्या पत्त्यावर आलेले पाकीट हातात घ्यावे आणि पत्त्याची शेवटची ओळ पाहावी. तिथे पिनकोड असतो ४००००४. या संख्येतल्या सगळ्या अंकांची बेरीज होते ८. ती बेरीज त्याच संख्येत मिळवली की येतात ४०००१२, आणि हा पिनकोड परळ-लालबागचा आहे. हीच रीत पुढे चालवून पाहावी. ४०००१२ च्या अंकांची बेरीज ७. ती मिळवली की ४०००१९, म्हणजे माटुंगा. त्यात १४ मिळवले की ४०००३३, काळाचौकी. मग १० मिळवून ४०००४३, गोवंडी. ११ मिळवून ४०००५४, सांताक्रूझ पश्चिम. १३ मिळवून ४०००६७, कांदिवली पश्चिम.

गिरगावातल्या दोन खोल्या किंवा परळच्या चाळीतली एक खोली सोडून उपनगरात गेलेली कितीतरी मराठी घरे साधारण याच दिशेने गेली. टपाल खात्याच्या मनात अर्थातच असे काही नव्हते. पिनकोडांचा हा प्रवास म्हणजे निव्वळ योगायोग. पण ज्या रीतीने तो दिसला ती रीत योगायोगाची नाही. तिला कर्ता आहे, तिच्यावर पुस्तिका लिहिल्या गेल्या आहेत, आणि तो कर्ता मराठी शाळामास्तर होता. इथे स्मरण करायचे आहे ते त्यांचे, म्हणजे दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांचे. आणि ते त्यांच्या चरित्रापेक्षा त्यांच्या संख्यांच्या वाटेने करायचे आहे.

आधी पिनकोडाविषयी दोन शब्द, कारण त्यामागेही मराठी माणूसच आहे. सहा अंकांची ही पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली आणि ती आखली श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी. ते केंद्रात दळणवळण मंत्रालयात अतिरिक्त सचिव होते. एकाच नावाची अनेक गावे, निरनिराळ्या लिप्यांत लिहिलेले पत्ते आणि ते वाचताना अडखळणारे टपाल कर्मचारी, यावर त्यांनी अंकांचा उपाय काढला. पहिला अंक देशाचा विभाग सांगतो, दुसरा उपविभाग, तिसरा पत्रांच्या वर्गवारीचा जिल्हा, आणि शेवटचे तीन अंक थेट टपाल कार्यालयापर्यंत नेतात. हेच वेलणकर संस्कृतचे नामवंत कवी होते. १९९६ साली त्यांना संस्कृतसाठी राष्ट्रपतींचा सन्मान मिळाला. त्यांच्या ग्रंथांत एक विलोमकाव्य आहे. ते सुलट वाचले तर रामाचे, उलट वाचले तर कृष्णाचे. गिरगावचा पिनकोड सुलट वाचा की उलट, ४००००४ च राहतो. गणितात अशा संख्येला विलोमपद म्हणतात. वेलणकरांच्या ध्यानात हे आले असेल तर त्यांना ते नक्की आवडले असेल.

कापरेकरांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणूला झाला. शाळा ठाण्याला, कॉलेज पुण्याचे फर्ग्युसन. विद्यार्थी असतानाच, १९२७ मध्ये, त्यांना रँग्लर र. पु. परांजपे यांच्या नावाचे गणिताचे पारितोषिक मिळाले. १९२९ साली ते मुंबई विद्यापीठाचे बी.एस्सी. झाले. त्यापुढे कोणतीही पदवी नाही. १९३० ते १९६२ ते नाशिकजवळच्या देवळालीला शाळेत शिकवत होते. संशोधनासाठी त्यांना ना प्रयोगशाळा होती ना विद्यापीठातली जागा. जे सुचले ते त्यांनी गणिताच्या नियतकालिकांकडे पाठवले, आणि पुष्कळदा स्वतःच्या खर्चाने छोट्या पुस्तिका छापून देवळालीहून प्रसिद्ध केले.

त्यांच्या संख्यांतली सर्वांत देखणी संख्या त्यांना सुचली ती रेल्वे स्टेशनवर. त्या काळी जी. आय. पी. रेल्वेवर मुंबईपासून तीस मैलांवर डेम्लो नावाचे स्टेशन होते. तेच आजचे डोंबिवली. तिथे एका विशिष्ट घडणीच्या संख्यांची कल्पना त्यांच्या मनात आली आणि त्यांनी त्यांना नाव दिले, डेम्लो संख्या. या संख्येचे तीन भाग पडतात. डावा भाग आणि उजवा भाग यांची बेरीज केली की मधल्या भागात जो अंक आहे तोच अंक पुन्हा पुन्हा मिळतो. १६५ घ्या: डावीकडे १, उजवीकडे ५, बेरीज ६, आणि मध्ये ६. ४७७७३ घ्या: ४ आणि ३ मिळून ७, आणि मध्ये सगळे ७. ‘अद्भुत डेम्लो संख्यां’वरचा त्यांचा लेख १९३८ चा आहे. पुढच्याच वर्षी, १९३९ मध्ये, के. आर. गुंजीकर आणि कापरेकर यांचा ‘डेम्लो संख्यांचा सिद्धांत’ हा शोधनिबंध मुंबई विद्यापीठाच्या नियतकालिकात छापून आला. डोंबिवलीच्या फलाटावर सुचलेला विचार अशा रीतीने फोर्टातल्या विद्यापीठाच्या छापील पानावर पोचला.

या अद्भुत संख्या मिळतात कशा, हे पाटीवर करून पाहण्यासारखे आहे. ११ चा वर्ग १२१. १११ चा वर्ग १२३२१. ११११ चा वर्ग १२३४३२१. एकेक १ वाढवत गेले की मनोरा एकेक मजल्याने वाढतो, आणि नऊ एकांच्या वर्गाशी पोचल्यावर मिळते ही सतरा अंकी संख्या:

१२,३४,५६,७८,९८,७६,५४,३२१

डावीकडच्या १२३४५६७८ मध्ये उजवीकडचे ८७६५४३२१ मिळवले की येतात ९९९९९९९९, आणि मध्ये उभा आहे तो ९. म्हणजे डेम्लोची अट पुरी झाली. मधला ९ उजव्या भागाला जोडून १२३४५६७८ आणि ९८७६५४३२१ यांची बेरीज केली तरी नऊ नवांची संख्याच मिळते.

एवढी मोठी संख्या तोंडाने वाचायची तर अब्जाच्या पुढे आज जीभ अडते. भास्कराचार्यांची अडत नव्हती. ११५० मध्ये लिहिलेल्या लीलावतीत त्यांनी एकपासून परार्धापर्यंत अठरा स्थानांना नावे दिली आहेत. त्या नावांनी ही संख्या अशी वाचावी लागते: एक मध्य, दोन अंत्य, तीन जलधि, चार शंकू, पाच महापद्म, सहा निखर्व, सात खर्व, आठ अब्ज, नऊ अर्बुद, आठ कोटी, सात प्रयुत, सहा लक्ष, पाच अयुत, चार सहस्र, तीन शत, दोन दश आणि एक. पायरी चढून पायरी उतरावी तशी. लीलावतीतल्या अठरांपैकी सतरा स्थाने या एका संख्येत वापरून होतात. परार्धाचे तेवढे रिकामे राहते.

आता हिची कुंडली पाहू. ही वर्गसंख्या आहे, विषम आहे आणि विलोमपदही आहे. नऊ एकांची संख्या ९ ने भागली की येतात १२३४५६७९. या संख्येत ८ नाही, हे पाहून पिढ्यान्‌पिढ्यांची मुले खूश झाली आहेत, कारण तिला ६३ ने गुणले की नऊ वेळा ७ मिळतात. ही १२३४५६७९ म्हणजे ३७ गुणिले ३३३६६७, आणि ३३३६६७ ही मूळ संख्या आहे. म्हणून आपल्या सतरा अंकी संख्येचे मूळ अवयव तीनच: ३ चा चौथा घात, ३७ चा वर्ग आणि ३३३६६७ चा वर्ग. त्यावरून तिचे विभाजक मोजता येतात. घातांत एकेक मिळवून गुणायचे: ५ × ३ × ३, म्हणजे ४५. विभाजकांची संख्या विषम असणे हे वर्गसंख्येचे लक्षण. सहसा विभाजक जोडीने येतात, पण वर्गमुळाला जोडीदार नसतो. ६ ही परिपूर्ण संख्या आहे, कारण तिच्यापेक्षा लहान विभाजकांची, १, २ आणि ३ यांची, बेरीज ६ च होते. आपल्या संख्येच्या बाबतीत अशी बेरीज संख्येच्या निम्म्याहून थोडीच अधिक भरते. म्हणून तिची गणना न्यून संख्यांत.

तिच्या सर्व अंकांची बेरीज ८१. आणि ८१ ने तिला भाग जातो. भागाकार येतो १२३४५६७९ चा वर्ग. जी संख्या स्वतःच्या अंकांच्या बेरजेने निःशेष भागली जाते तिला कापरेकरांनी सुंदर नाव दिले, हर्षद. हर्ष देणारी ती हर्षद.

हा मनोरा नऊ एकांवर थांबतो. दहा एकांचा वर्ग केला की उत्तर येते १२३४५६७९००९८७६५४३२१, आणि घाट मोडतो. कारण चौथीतल्या मुलालाही सांगता येते: हातचा. नऊ एकांचा गुणाकार उभा मांडला की स्तंभांच्या बेरजा १, २, ३ अशा नऊपर्यंत चढतात आणि परत उतरतात. कुठेही हातचा येत नाही. दहा एकांत मधल्या स्तंभाची बेरीज १० होते, तिथे शून्य लिहून हातचा एक डावीकडे द्यावा लागतो, आणि डावीकडे आधीच ९ बसलेला असतो. तिथेही शून्य, पुन्हा हातचा एक, आणि पुढच्या ८ चे होतात ९. एवढ्या हातच्यांनी सारी सममिती जाते.

इथे एक जुना आक्षेप आडवा येतो, आणि तो टाळून पुढे जाता येणार नाही. केंब्रिजच्या जी. एच. हार्डी यांनी १९४० च्या आपल्या प्रसिद्ध पुस्तकात अंकांच्या गमतींना गंभीर गणिताबाहेर ठेवले. त्यांचे उदाहरण होते ८७१२ आणि ९८०१ यांचे. चार अंकी संख्यांत याच दोन आपल्या उलट्या रूपाच्या पटीत असतात: ८७१२ म्हणजे २१७८ ची चौपट, ९८०१ म्हणजे १०८९ ची नऊपट. कोडेवाल्यांना हे शोभते, गणितज्ञाला यात काही नाही, असा हार्डींचा अभिप्राय. भारतात कापरेकरांच्या कामाकडे पाठ फिरवणाऱ्यांचेही म्हणणे हेच होते. ३३३६६७ मूळ आहे ही त्या संख्येची जात; ती कोणत्याही लिपीत, कोणत्याही पायावर लिहा, बदलत नाही. अंकांची बेरीज मात्र माणसाला दहा बोटे आहेत म्हणून तशी येते. ती संख्येचा पेहराव आहे.

भेद खरा आहे. पण त्यावरून काढलेला निकाल चुकीचा आहे. डेम्लोच्या मनोऱ्याकडेच पाहा. डझनाने मोजणारे, बाराच्या पायावर लिहिणारे लोक असते तर त्यांचा मनोरा नऊ एकांवर थांबला नसता. अकरा एकांपर्यंत गेला असता. आठाच्या पायावर तो सात एकांवर थांबतो. म्हणजे घाट सगळीकडे तोच. पाया ठरवतो तो फक्त मजल्यांची संख्या. हे गणितच आहे. हर्षद संख्यांचेही तसेच. सलग किती हर्षद संख्या येऊ शकतात? १९९३ मध्ये कूपर आणि केनेडी यांनी सिद्ध केले की सलग २० येऊ शकतात, २१ कधीच नाहीत. पुढच्याच वर्षी ग्रंडमन यांनी ते कोणत्याही पायासाठी सिद्ध केले: पायाच्या दुपटीपर्यंत, त्यापुढे नाही. पेहरावाविषयीचा प्रश्न अशा रीतीने सर्व पायांना लागू पडणारे प्रमेय झाला. हार्डींचेच दुसरे उदाहरण घ्यावे. टॅक्सीच्या १७२९ या नंबराची गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. रामानुजनांनी त्यात दोन घनांची बेरीज दोन प्रकारे पाहिली, १ आणि १२ यांच्या घनांची आणि ९ व १० यांच्या घनांची. देवळालीच्या मास्तरांच्या कसोटीवर लावली तर १७२९ च्या अंकांची बेरीज १९, आणि १७२९ म्हणजे १९ गुणिले ९१. हर्षद, आणि अवयव एकमेकांची उलटी रूपे.

आता परत मुंबईत यावे आणि सुरुवातीला वापरलेली रीत नीट पाहावी. कोणतीही संख्या घ्यायची, तिच्या अंकांची बेरीज तिच्यात मिळवायची. जी नवी संख्या येते तिची आधीची संख्या ही जनक. कापरेकरांनी विचारले, प्रत्येक संख्येला जनक असतो का? नसतो. २० ला नाही. ३१ ला नाही, ४२ ला नाही, ५३ ला नाही. कोणत्याही संख्येत तिचे अंक मिळवून पाहावेत, २० हाती लागत नाहीत. अशा जनक नसलेल्या संख्या म्हणजे स्वयंभू. देवस्थानांच्या बाबतीत रुळलेला हा शब्द त्यांना चपखल बसतो. गावावरून त्यांना देवळाली संख्या असेही नाव आहे. त्या अनंत आहेत हे कापरेकरांनी दाखवले.

मग दुसरा प्रश्न: एका संख्येला दोन जनक असू शकतात का? असतात. १०१ हे सर्वांत लहान उदाहरण: १०० मध्ये १ मिळवले तरी १०१, आणि ९१ मध्ये १० मिळवले तरी १०१. दोन वाटांनी जिथे पोचता येते त्या संख्येला कापरेकरांनी जंक्शन म्हटले. रेल्वेच्या वाटेवर वाढलेल्या माणसाला दुसरा शब्द सुचलाही नसता.

दादरचा पिनकोड ४०००१४. कुलाब्याचा ४००००५, त्याच्या अंकांची बेरीज ९, ती मिळवली की दादर. दुसरी वाट खालून येते: ३९९९६९ च्या अंकांची बेरीज ४५, आणि ३९९९६९ अधिक ४५ म्हणजे पुन्हा ४०००१४. मध्य आणि पश्चिम रेल्वे जिथे भेटतात ते दादर कापरेकरांच्या अर्थानेही जंक्शन आहे. प्रामाणिकपणे सांगायचे तर गिरगाव आणि परळही आहेत: ४००००० अधिक ४ आणि ३९९९६४ अधिक ४० दोन्ही गिरगावला पोचतात, तर परळला गिरगावखेरीज ३९९९६८ अधिक ४४ हीही वाट आहे. कारण एकच. चार लाखांच्या अलीकडे नवांची गर्दी असते आणि बेरीज चाळिशीत असते, पलीकडे पाऊल टाकताच ती चारावर येते. त्यामुळे अलीकडची मोठी उडी आणि पलीकडची छोटी पावले एकाच जागी येऊन पडतात. पण दादरजवळ आणखी एक गुण आहे. ४०००१४ ला ९ ने भाग जातो, भागाकार ४४४४६. तिघांपैकी हर्षद फक्त दादर.

आपल्या सतरा अंकी डेम्लोला जनक आहे का, हेही हाताने काढता येते. संख्येला ९ ने भाग जातो, म्हणून जनकालाही जायला हवा आणि त्याच्या अंकांची बेरीज ९ च्या पटीत हवी. ९, १८, २७ अशी एकेक वजाबाकी करत गेले की ८१ वर कुलूप उघडते: १२३४५६७८९८७६५४२४० च्या अंकांची बेरीज ८१, आणि तेवढे मिळवले की आपली संख्या. पुढच्या कोणत्याही वजाबाकीने जमत नाही. जनक एकच, म्हणून ही संख्या स्वयंभूही नाही आणि जंक्शनही नाही.

चार जनक असलेली संख्या कापरेकरांना १९६१ मध्ये सापडली. ती पंचवीस अंकी आहे: १, त्यावर २१ शून्ये आणि शेवटी १०२. परार्धाच्याही कितीतरी पलीकडची. तिचे घड्याळ उघडून पाहिले की मास्तरांची बुद्धी दिसते. १ वर चोवीस शून्ये असलेली संख्या हा मोठा टप्पा मानावा. त्याच्या पलीकडचे दोन जनक १०० आणि ९१ अंतरावर आहेत, म्हणजे १०१ चे जुने जंक्शनच तिथे नेऊन बसवले आहे. अलीकडचे दोन १०७ आणि ९८ अंतरावर आहेत. तिथे चोवीस नवांच्या २१६ या बेरजेतून ११३ चे जंक्शन काम करते. लहान संख्यांतला अनुभव मोठ्या संख्येच्या दोन्ही काठांवर वापरला आहे. देवळालीत हे काम कागद आणि पेन्सिलीने झाले, निवृत्तीला एक वर्ष उरले असताना.

लोकांना ठाऊक असलेली त्यांची संख्या मात्र चार अंकी आहे. तिच्याविषयी इतके लिहून झाले आहे की एका उदाहरणावर भागते. बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी १८५३ साली धावली. त्या सालाचे अंक उतरत्या क्रमाने मांडून त्यातून चढत्या क्रमाचे वजा करावेत: ८५३१ − १३५८ = ७१७३. मग ७७३१ − १३७७ = ६३५४. मग ६५४३ − ३४५६ = ३०८७. मग ८७३० − ०३७८ = ८३५२. मग ८५३२ − २३५८ = ६१७४. इथून पुढे कितीही वेळा करा, ६१७४ च. चारही अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्या, जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत याच ठिकाणी येते. १९४९ चा हा शोध. मार्टिन गार्डनर यांनी मार्च १९७५ च्या ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये कापरेकरांवर लिहिले आणि मग जगाला हे नाव कळले. मास्तर तेव्हा सत्तर वर्षांचे होते.

हार्डींना ज्या संख्या गंभीर वाटत त्यांचे घर मुंबईत आहे, कुलाब्याला, टाटा मूलभूत संशोधन संस्थेत. तिथे के. जी. रामनाथन, के. रामचंद्र यांच्यासारख्यांनी संख्यांच्या सिद्धांतावर आयुष्य घालवले. मूळ संख्यांची शिकार आता फार दूर गेली आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर झालेली सर्वांत मोठी ज्ञात मूळ संख्या ४ कोटी १० लाख २४ हजार ३२० अंकांची आहे. २ चा १३,६२,७९,८४१ वा घात करून त्यातून एक वजा करायचा. त्या विद्येचे धागेदोरेही आपल्या पत्त्यांवर सापडतात. परळचे ४०००१२ म्हणजे ४ गुणिले १००००३, आणि १००००३ ही सहा अंकी मूळ संख्यांतली पहिली. गिरगावचे ४००००४ म्हणजे ४ × ११ × ९०९१. दादर पश्चिमेचे ४०००२८ म्हणजे ४ × ९७ × १०३१. हा १०३१ लक्षात ठेवण्यासारखा आहे. नुसत्या एकांनी बनलेल्या, कापरेकरांच्या मनोऱ्याच्या पायाशी असलेल्या संख्यांपैकी मूळ किती? ११ मूळ आहे. नंतर १९ एकांची, मग २३ एकांची, मग ३१७ एकांची, आणि त्यानंतर १०३१ एकांची. ही १०३१ एकांची संख्या मूळ आहे हे सिद्ध झाले १९८६ साली. कापरेकर त्याच वर्षी गेले.

आता उरली ती एक तक्रार, आणि ती नावांविषयी आहे. हर्षद संख्यांना जगातल्या अनेक पुस्तकांत निव्हन संख्या म्हणतात, कारण १९७७ मध्ये आयव्हन निव्हन यांनी एका परिषदेत त्यांच्याविषयी भाषण केले. देवळाली संख्यांना कोलंबियन संख्या म्हणतात, कारण १९७४ मध्ये कोलंबियाच्या बर्नार्डो रेकामान यांनी त्यांच्याविषयी प्रश्न मांडला. दोघांचाही यात दोष नाही. पण स्वयंभू संख्यांवर कापरेकरांनी १९५९ आणि १९६३ मध्ये पुस्तिका छापल्या होत्या. त्या देवळालीहून निघाल्या, थोड्या प्रती निघाल्या आणि थोड्यांनीच वाचल्या. डेम्लोचे नाव तेवढे टिकले. पण ते आपलेच नाव आहे याचा डोंबिवलीकरांना पत्ता नाही.

गिरगावात, परळला, लालबागला आणि दादरला मराठी शाळा अजून भरतात. तिथल्या गणिताच्या शिक्षकांना एक विनंती आहे. भागाकार शिकवण्याच्या दिवशी फळ्यावर शाळेचा पिनकोड लिहावा, त्यातल्या अंकांची बेरीज मुलांकडून करून घ्यावी आणि तिने भाग जातो का ते पाहायला सांगावे. दादर पूर्वेच्या वर्गात भाग जाईल. तिथे ४०००१४ च्या शेजारी ‘हर्षद’ हा शब्द लिहावा, आणि त्याखाली कापरेकर मास्तरांचे नाव.